डॉक्टरांना न सांगितलेली बरणी

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अजून काही औषध घेता का आजी?" आणि आम्ही दोघींनी एकदम "नाही" म्हटलं. मी आणि माझी थोरली जाऊ. खोटं बोलायचा विचार आमच्या मनातही नव्हता. औषध म्हणजे मेडिकलमधून आणतात ते, पट्टीत असतं ते, ज्याच्यावर लाल रेघ असते ते. चूर्णाला औषध कोण म्हणतं? ते घरातलं. दही आहे, तूप आहे, तसं चूर्ण आहे. उद्या कोणी विचारलं, औषध काय घेता, तर मी दही सांगेन का?

हे "नाही" आम्ही त्या वर्षात तीन वेळा म्हटलं. तिसऱ्या वेळेनंतर काय झालं ते सांगते, पण आधी चूर्णाचं सांगायला हवं, नाहीतर कळायचं नाही.

आमच्या सासूबाई चूर्ण करायच्या. सोनामुखी, एरंडेलावर परतलेला बाळहिरडा, ज्येष्ठमध, ओवा, सुंठ, हिंग आणि पादेलोण. सगळं उन्हात वाळवायचं, कुटायचं, वस्त्रगाळ करायचं. लग्न होऊन आले तेव्हा कुटायचं काम माझ्याकडे आलं, धाकटी म्हणून. थोरलीकडे गाळायचं, कारण तिचा हात हलका. पुढे घरं वेगळी झाली. वेगळी म्हणजे काय, मुलुंड पूर्वेलाच, एकाच इमारतीत, ती दुसऱ्या मजल्यावर आणि मी चौथ्या. पण चुली दोन झाल्या आणि भांड्यांची वाटणी झाली. चूर्णाची चिनी मातीची बरणी थोरलीला मिळाली, मानाने. चूर्ण मला येत होतं म्हणून करायचं माझ्याकडे राहिलं, आणि बरणीतला पितळी चमचाही माझ्याकडे आला. तो एवढासा, करंड्यातल्या कुंकवाला शोभेल असा, दांडीला भोक पाडून दोरा ओवलेला. सासूबाई त्या चमच्याने द्यायच्या. एक चमचा, तोही पोट अडलं असेल त्या दिवशीच. मागितला तरी दुसरा मिळायचा नाही. "कोठ्याला सवय लावू नये, मग तो मालक होतो," म्हणायच्या.

म्हणजे बघा, बरणी खाली आणि माप वर. तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलं नाही. वाटणीत तर कढईचं झाकणसुद्धा एकीकडे आणि कढई दुसरीकडे गेली होती.

आमची जुनी इमारत पाडून नवी झाली, लिफ्ट आली, गच्चीवर सोलरचे पत्रे आले. चूर्ण वाळवायला जागा उरली नाही, तर मी खिडकीच्या ग्रिलमध्ये ताटं ठेवू लागले. कुटायचं बंद करून मिक्सर धरला. चक्कीवाला तर हिंगाच्या वासाने हात जोडतो, म्हणतो आजी, लोकांच्या पिठाला वास येईल. पण चूर्ण सुटलं नाही. वर्षातून चार वेळा घाटकोपरच्या काष्ठौषधींच्या दुकानातून सामान आणायचं, आठवडाभर घरात शिंका, आणि मग बरण्या भरायच्या. पहिली बरणी वहिनींची. मी थोरलीला वहिनी म्हणते. आमचे हे म्हणायचे म्हणून मीही म्हणू लागले, ते तसंच राहिलं. उरलेलं बिल्डिंगमध्ये वाटायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंना, तळमजल्यावरच्या काकांना, समोरच्या विंगमधल्या बेनना. लोक लिफ्टमध्ये भेटले की "काकू, झकास झालंय यावेळचं" म्हणायचे. सांगायला लाज कसली, मला ते आवडायचं. शिक्षण सातवीपर्यंतचं. माझ्या हातचं काहीतरी चार घरांत रोज वापरलं जातंय, याचा मला डौल होता.

वहिनींचं वय एक्याऐंशी. बीपी जुनंच. गेल्या वर्षी ते वर राहायला लागलं आणि पायावर सूज दिसायला लागली. डॉक्टरीणबाईंनी मीठ कमी करायला सांगितलं आणि पाणी काढायची गोळी दिली. वहिनी पथ्याला पक्क्या. लोणचं बंद, पापड बंद, चटणी बंद. सून वांद्र्याला बँकेत जाते, ती सकाळी डब्यात गोळ्या भरून ठेवते, वारांची नावं लिहिलेला डबा असतो ना, तो. वहिनींनी एक गोळी चुकवली नाही. माझ्याकडे जेवायला आल्या तरी आमटी चाखायच्या आणि म्हणायच्या, "बाई, किती खारट करतेस. माझ्या जिवावर उठलीस का?"

आणि ह्याच वहिनी रोज झोपताना चूर्ण घ्यायच्या, ज्यात मोठा वाटा पादेलोणाचा. पादेलोण हे मीठ आहे हे आम्हाला काय माहीत नव्हतं? पण मीठ कमी म्हणजे जेवणातलं. चूर्णातलं मीठ आमच्या हिशेबी मीठच नव्हतं.

बीपी उतरेना. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. विचारलं, "अजून काही घेता?" नाही. सूज थोडी कमी झाली, पण पायाच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. परत दवाखाना. "अजून काही?" नाही. मग थकवा. आमचा रोजचा नेम होता, पाच वाजता खाली उतरायचं, कंपाउंडला चार फेऱ्या, मग बाकावर. चाराच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. एकदा बाकावरून उठताना त्यांनी माझा खांदा धरला आणि धरूनच राहिल्या.

मी म्हटलं, "काय हो?"

"काही नाही. पायात जीव नाही गं."

"डॉक्टरांना सांगा की."

"सांगितलं. वय झालं म्हणाल्या नाहीत एवढंच. आणि पोट साफ नसलं की असंच होतं. तुझं चूर्ण यावेळी मवाळ झालंय, लागू पडत नाही."

मला ते लागलं. माझं चूर्ण मवाळ? मी घरी आले आणि पुढच्या घाण्यात सोनामुखी मूठभर जास्त घातली. हे मी लिहितेय ते सरळ लिहितेय. कोणी मला सांगितलं नव्हतं, मीच घातली.

नवी बरणी दिल्यावर तीन आठवड्यांनी सुनेचा फोन आला, सकाळी साडेसातला. वहिनी खुर्चीतून उठत नव्हत्या. पडल्या नव्हत्या, शुद्धीत होत्या, बोलत होत्या, पण पाय ऐकत नव्हते आणि छातीत फडफड होतेय म्हणत होत्या. मी खाली गेले तर त्या मलाच म्हणाल्या, "तू कशाला आलीस, तुझा गॅस चालू असेल." त्यांच्या मुलाने आणि वॉचमनने खुर्चीसकट लिफ्टमधून खाली आणलं. स्टेशन रोडच्या नर्सिंग होममध्ये दाखल केलं. आमच्या डॉक्टरीणबाईच तिथे येतात. छातीच्या ठोक्यांचा कागद काढला, रक्त घेतलं. त्यांनी सुनेला विचारलं, "आणखी कुठली गोळी? कुणी शेजाऱ्याने दिलेली? आयुर्वेदिक? काहीही?" सून म्हणाली, "नाही मॅडम, मी स्वतः डबा भरते." तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही." तिसऱ्यांदा.

दुपारी रिपोर्ट आला. रक्तातलं पोटॅशियम फार उतरलंय, म्हणाल्या. इतकं उतरलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बाटलीतून चढवताहेत, मशीनवर लक्ष ठेवताहेत. "पण एवढं का उतरलं ते मला कळत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्या गोळीने थोडं उतरतं, पण एवढं नाही. आणि गोळी देऊनही बीपी चढतंच आहे. कारण सापडलं नाही तर आज भरून काढू, महिन्याने परत हेच."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सून ऑफिसला तोंड दाखवून यायला गेली आणि मी वहिनींजवळ बसले. हाताला सुई, छातीला तारा. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"ऐक. तीन दिवस पोट साफ नाही. हे लोक लक्ष देत नाहीत. तू घरी जा आणि बरणी घेऊन ये."

"इथे?"

"मग काय देवळात? पर्समध्ये घालून आण. कपाटात खालच्या कप्प्यात आहे, प्रोटीनच्या डब्याशेजारी. आणि सुनेला बोलू नकोस, ती गुगल करत बसते."

मी गेले. रिक्षाने पाच मिनिटं. सुनेने दिलेल्या किल्लीने दार उघडलं, कपाट उघडलं, बरणी काढली. नवी बरणी, तीन आठवड्यांपूर्वी काठोकाठ भरून दिलेली, आणि हाताला हलकी लागली. मला वाटलं, कोणाला तरी दिलं असेल. झाकण काढलं तर तळ दिसत होता आणि आत चमचा. पांढरा, प्लास्टिकचा, खोल. डॉक्टरांनी ताकदीसाठी प्रोटीनची पावडर लिहून दिली होती, तिच्या डब्यात येतो ना तो मापाचा चमचा, तो.

मी तिथेच ओट्याजवळ उभी राहिले. मग चौथ्या मजल्यावर गेले, माझ्या मसाल्याच्या खणातून सासूबाईंचा पितळी चमचा काढला आणि परत खाली आले. वर्तमानपत्र पसरलं. पांढरा चमचा सपाट भरला आणि पितळी चमच्याने मोजायला लागले. एक, दोन, तीन. सात झाले तरी निम्मा. पंधरा भरले आणि वर चिमूटभर उरलं.

पंधरा. सासूबाई मागितला तरी दुसरा द्यायच्या नाहीत.

बरणी पर्समध्ये घातली. दोन्ही चमचे रुमालात बांधले. रिक्षात बसले आणि खरं सांगते, नर्सिंग होमच्या दारापर्यंत मला ठाऊक नव्हतं की मी ही बरणी कोणाच्या हातात देणार आहे. वहिनींनी सांगितलेलं मी आजवर मोडलं नव्हतं. लग्नात मला शालू कसा सावरायचा ते त्यांनी दाखवलं, माझ्या बाळंतपणात सासूबाईंच्या आधी त्या उठायच्या. शिवाय, आणि हे जास्त खरं आहे, बरणी डॉक्टरांना दाखवली तर त्यातलं चूर्ण कोणाचं हे सांगावं लागणार होतं. सुनेसमोर, पुतण्यासमोर, उद्या अख्ख्या बिल्डिंगसमोर. चूर्ण करणारी काकू.

डॉक्टरीणबाई जिन्यातच भेटल्या. राउंड संपवून निघाल्या होत्या. मी म्हटलं, "एक मिनिट." आणि तिथे पायरीवरच पर्स उघडली.

त्यांनी बरणी हुंगली. "यात काय काय आहे काकू?" मी सगळं सांगितलं, सोनामुखीची जास्तीची मूठसुद्धा. दोन्ही चमचे दाखवले. त्या माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. त्या पायरीवर माझ्याशेजारी बसल्या, पांढऱ्या कोटासकट.

"रोज घेतात?"

"रोज. अंथरुणावर पडायच्या आधी. कित्येक वर्षं."

"बिल्डिंगची पाण्याची टाकी असते ना काकू? तिला तीन नळ लावले आणि तिन्ही सोडून ठेवले असं झालंय. पाणी काढायची माझी गोळी लघवीवाटे पोटॅशियम काढते. सोनामुखी जुलाबावाटे काढते. आणि ज्येष्ठमध रोज पोटात गेलं की शरीर पोटॅशियम आपणच बाहेर टाकतं, वर बीपी चढवतं. बीपी चढलं की मी गोळी वाढवते. म्हणजे माझा नळ मी आणखी सोडते. वर हे एवढं मीठ. मी महिनोन्‌महिने गोळ्या बदलतेय आणि बरणी कपाटात."

"आधी कधी काही झालं नाही हो," मी म्हटलं. "सासूबाई नव्वदीपर्यंत घ्यायच्या."

"हा चमचा, कधीतरी. आणि बीपीची गोळी घेत होत्या?"

"नाही."

"मग झालं तर." त्यांनी पितळी चमचा बोटांत फिरवला. "पण हा चमचा असता तरी मला सांगायला हवं होतं. चिमूट असली तरी. म्हातारपणी मूत्रपिंडं दमलेली असतात, गोळ्या पाच-सहा असतात, कशाचं कशाशी भांडण लागेल ते मला नाव कळल्याशिवाय कसं कळणार? मी तीन वेळा विचारलं."

"तुम्ही औषध विचारलंत," मी म्हटलं.

त्यांनी चमचा माझ्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, "खरंय. माझंही चुकलं."

मी वर गेले. वहिनी वाटच बघत होत्या.

"आणलीस?"

"आणली. डॉक्टरांना दिली."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंतीलाच म्हणाल्या, "चुगली करायची सवय तुझी जुनीच."

त्या पाच दिवसांनी घरी आल्या. पायात हळूहळू जीव आला, गोळ्या कमी झाल्या. पोटासाठी डॉक्टरीणबाईंनी एक सौम्य औषध दिलं, पाणी दिवसाकाठी किती प्यायचं ते मोजून लिहून दिलं, कारण जास्तही चालायचं नाही म्हणाल्या. जेवणात भाजी वाढवली, पपई, सकाळी कोमट पाणी, आणि ठरल्या वेळी जाऊन बसायचं, आलं तरी आणि नाही आलं तरी. आणि हेही सांगितलं की एक दिवस नाही झालं तर जग बुडत नाही. पण एकाएकी पोटाची सवय बदलली, रक्त दिसलं, पोट फुगून दुखलं, उलटी झाली, वजन उतरलं तर घरी काही न करता सरळ यायचं. हे सगळं सुनेने फ्रिजला लावलं. मी रोज जाऊन वाचायचे, कारण वहिनी माझ्याशी बोलत नव्हत्या आणि मला काहीतरी करायला हवं होतं.

मधल्या दिवसांत मी बिल्डिंगमधल्या बरण्या गोळा केल्या. तळमजल्यावरच्या काकांनी लगेच दिली, त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बेन म्हणाल्या, संपलं, अजून द्या. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बाई मात्र दारात उभ्या राहिल्या.

"मी चिमूटच घेते हो. मला काही होत नाही."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"एवढ्याशासाठी कोण विचारतं?"

"मग विचारा आणि मग घ्या. तोपर्यंत बरणी माझी आहे, ती द्या."

"दिलेलं परत मागतात का काकू?"

"मी मागते," म्हटलं. त्यांनी दिली, पण हल्ली लिफ्टमध्ये भेटलो तर मोबाइलमध्ये बघतात. ठीक आहे.

सगळं चूर्ण एका पिशवीत घालून गाठ मारली आणि ओल्या कचऱ्यात टाकलं. सफाईवाली म्हणाली, "काय आजी, चांगला वास येतोय, फेकता कशाला?" तिला सगळं सांगत बसले. तिचीही सासू असलंच काहीतरी घेते म्हणाली.

वहिनींचा अबोला अकराव्या दिवशी सुटला. मी फ्रिजवरचा कागद वाचत होते. मागून आवाज आला, "पाठ झाला का?"

"झाला."

"मग वरण बघ जरा, मीठ घातलंय की नाही ते. सून हल्ली विसरते."

मी बघितलं. घातलं होतं, बेताचं. मग मी पदराला बांधलेला पितळी चमचा काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी ओळखला. हातात घेतला, दोरा चाचपला.

"हा तुझ्याकडे होता होय? मी म्हटलं हरवला. चहाच्या चमच्याने घ्यायचे मी आधी. मग तो पुरेना."

"मला विचारायचं."

"तू सांगायचं." दोरा बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मालक होतो म्हणायच्या ना त्या, कोठा."

एवढंच आमचं बोलणं झालं त्याबद्दल. पाच वाजता आम्ही खाली उतरलो. एक फेरी आणि बाक.

परवा तपासणीला गेलो. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, बीपीही कमी गोळीवर ठीक होतं. डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. "आजी, गोळ्या सोडून अजून काय काय पोटात जातं? घरातलं, बाहेरचं, सगळं."

वहिनी खुर्चीत सरसावून बसल्या. "लिहा. सकाळी कोमट पाणी. पपई, चार फोडी. जेवणानंतर बडीशेप, चिमूट, मीठ न लावलेली. शेजारणीने काढा दिला होता, तो घेतला नाही, तरी लिहा. ही चहात आलं घालते, ते लिहा. मंगळवारी हिच्या मुलाने आवळा सुपारी आणली होती, दोन खाल्ल्या, तिला मीठ होतं, लिहा."

बाहेर चार पेशंट खोळंबले होते. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या, हसत होत्या. वहिनींची यादी संपली तेव्हा त्यांनी पेन ठेवलं नाही. माझ्याकडे वळल्या.

"आणि काकू, तुम्ही? तुम्हालाही बीपीची गोळी आहे. तुम्ही काय घेता?"

आता हे मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. मला दुपारच्या जेवणानंतर छातीत जळजळतं. मी लिंबाच्या पाण्यात खायचा सोडा घालून पिते. फेस येतो, ढेकर येतो, बरं वाटतं. वहिनींनी कितीदा बघितलंय. रोज. कित्येक वर्षं. सोडा तर डब्यातला, ढोकळ्यात घालतात तो. बरण्या गोळा करत फिरले तेव्हाही रोज दुपारी घरी येऊन पीत होते, आणि एकदाही मनात आलं नव्हतं.

माझ्या तोंडात "नाही" तयारच होतं. वहिनींनी टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

"सांग गं," म्हणाल्या. "नाहीतर मी सांगते. मला चुगली करायला आवडेल."